गिरणीचा उघडा कान

दृष्टिहीनांच्या वाचनालयात सगळे त्यांना बटणकाका म्हणत. हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्याने नीट बघून ठेवलं होतं. त्या वाचनालयातली पुस्तकं कागदाची नसत, आवाजाची असत. काचेच्या पलीकडे कुणीतरी माइकसमोर बसून पुस्तक वाचायचं आणि काचेच्या अलीकडे काकांनी ते उतरवून घ्यायचं. "दाबलं बटण, बोला," एवढंच त्यांचं दिवसभराचं संभाषण. वाचणाऱ्याला खोकला आला की बटण, पान उलटलं की बटण, बाहेर दार आपटलं की बटण. उभी हयात दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात गेली, आणि स्वतःची दोन वाक्यं सांगायची वेळ आली की हा माणूस घाम पुसायला लागायचा.

खोलीच्या चारी भिंतींना जाड स्पंज लावलेला. आत टाचणी पडली तरी ऐकू यावी आणि बाहेर इमारत कोसळली तरी पत्ता लागू नये, अशी ती खोली. एके काळी तिथे वाचणाऱ्यांची नुसती रीघ असायची. कुणी निवृत्त मास्तर, कुणी बँकेतल्या बाई, कुणी आवाजावर स्वतःच खूश असलेला वकील. मग यंत्रच पुस्तकं वाचून दाखवायला लागलं. त्याला घसा नाही, पाणी नाही, रजा नाही. हळूहळू माणसं यायची थांबली. माइकवर एक जुना टॉवेल पडला तो पडलाच. काका मात्र रोज वेळेवर येत, कुलूप काढत, टॉवेल झटकून परत होता तसाच ठेवत आणि आपल्या खुर्चीवर बसत. काम उरलं होतं जुन्या रेकॉर्डिंगची देखभाल करण्याचं, म्हणजे खरं सांगायचं तर कुणी विचारलं तर हो म्हणण्याचं. कुणी विचारत नसे.

त्या खोलीत सगळ्यात जास्त पुस्तकं वाचली होती ती त्यांच्या ताईने. सख्खी थोरली बहीण. मेव्हणे गेले, मुलगा शिकायला लांब गेला, आणि रिकाम्या घरात दुपार खायला उठायला लागली तशी ती भावाच्या खोलीत येऊन बसू लागली. बसलीच आहेस तर वाच, असं काका म्हणाले आणि मग कित्येक वर्षं ती रोज दुपारी वाचत राहिली. आवाज काही फार गोड वगैरे नव्हता. किंचित घोगरा, घरातल्या माणसाचा. पण ऐकणाऱ्यांना तोच हवा असे. "त्या बाईंचं काही नवीन आलं का?" असं फोन करून विचारत. ती काकांना अजूनही छोट्या म्हणायची, आणि माइक चालू असतानाही म्हणायची. प्रकरण संपलं की पुस्तक मिटून काचेकडे बघत काहीबाही बोलत बसायची. ते सगळं काका नंतर कापून टाकत. लोकांच्या हाती जायचं ते साफसूफ पुस्तक.

मग ताई मुलाकडे राहायला गेली, दूरच्या गावी. तिथे वर्षभरात घशाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल. काका धावत गेले. ऑपरेशनच्या सकाळी, आत नेताना, ताईने त्यांचा हात घट्ट धरला. आता ही काहीतरी मोठं बोलणार म्हणून ते वाकले. ती म्हणाली, "माझा आवाज तुझ्याकडे आहे हं, छोट्या. सांभाळ." आणि तिला आत नेलं. ते तिचं शेवटचं बोलणं.

त्यानंतर दोघांनी फोनची एक रीत काढली. रोज दुपारी ताईचा फोन यायचा. काका बोलायचे आणि ती बोटाने फोनवर टकटक करायची. एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. तीनदा म्हणजे बोल, ऐकतेय. तिला मेसेज लिहिता येत नव्हते असं अजिबात नाही. सुनेला, शेजारणीला, भाजीवाल्याला ती भराभर लिहून पाठवायची. पण भावाशी मात्र टकटकच. एकदा भाच्याने विचारलं तर तिने पाटीवर लिहून दाखवलं, की लिहिलं तर तो नुसतं वाचेल, बोलणार नाही. अगदी खरं होतं. ज्या माणसाला दिवसभरात कुणाशी दोन शब्द बोलायची वेळ येत नव्हती, तो तिच्या फोनवर आज लिफ्ट बंद होती, खालच्या चहावाल्याने दुकान बंद केलं, नळाचं वॉशर गेलं असल्या बातम्या पोपटासारखा सांगायचा. आणि सुरुवातीलाच न विचारता सांगून टाकायचा, "जेवलो हं ताई, पोटभर जेवलो."

ते साफ खोटं असायचं. डबा कोपराशी तसाच बंद असायचा. पूर्वी दोघं मिळून त्या खोलीतच जेवायचे, हिच्या डब्यातलं त्याला, त्याच्या डब्यातलं हिला. आता एकट्याने डबा उघडायचा म्हणजे काकांच्या जिवावर यायचं. संध्याकाळी घरी जाऊन ते उभ्या उभ्याच चार घास पोटात ढकलत. घरात खुर्च्या दोन होत्या. एकीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असे आणि दुसरीवर न धुतलेल्यांचा.

अशात एका सोमवारी वाचनालयाच्या मॅडम खोलीच्या दारात आल्या. बाई वाईट नव्हत्या, फक्त कायम घाईत असायच्या.

"काका, ते जुनं मशीन शनिवारी जाणार हं. भंगारवाल्याशी बोलणं झालंय. त्यातलं काही हवं असेल तर काढून घ्या."

"त्यात ताईची पुस्तकं आहेत, मॅडम."

"ती पुस्तकं आता नव्या आवाजात झालीत ना सगळी," मॅडम म्हणाल्या. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं, कारण आवाज खाली आला. "घ्या ना काढून. पण शनिवारच्या आत. मला ती जागा रिकामी करून द्यायचीय."

काकांनी उठून मशीनवर हात ठेवला. कारण ताईचा आवाज सगळ्या जगात तेवढ्या एका मशीनमध्ये होता. लोकांना पाठवलेल्या जुन्या कॅसेटी कधीच्या कचऱ्यात गेल्या होत्या. भाच्याकडे एका समारंभाचा व्हिडिओ होता, पण त्यात ताई एकदाच बोलते, आणि तेही "अगं तो पंखा लाव" एवढंच. मशीनमधली मूळ रेकॉर्डिंगं शेकड्यांनी होती आणि जुन्या पद्धतीची होती. ती नव्या कॉम्प्युटरला उघडत नसत. ती उघडणारा आणि नव्या पद्धतीत बदलून देणारा प्रोग्राम फक्त त्या जुन्या मशीनवरच चालायचा. मशीन गेलं की आवाज गेला.

आता तुम्ही विचाराल, एवढं होतं तर या शहाण्याने इतके महिने काय केलं? काही केलं नाही. एकदा सुरुवात केली होती. एक रेकॉर्डिंग वाजवत दुसरीकडे उतरवून घ्यायचं, असं ठरवून बसले. ताईने पहिला शब्द उच्चारला आणि काकांनी बटण बंद केलं, खोलीला कुलूप घातलं आणि दिवसभर रस्त्यांवरून फिरत राहिले. पुन्हा हात लावला नाही. आज करू, उद्या करू. ऐकायचा धीर नव्हता आणि ते कबूल करायचाही नव्हता.

पण आता गळ्याशी आलं होतं. तेव्हा काकांनी ठरवलं, ऐकायचं नाहीच. मशीनलाच काम करू दे. एक छोटी स्क्रिप्ट लिहायची, म्हणजे काळ्या पडद्यावर मशीनला द्यायच्या हुकमांची चिठ्ठी. तेवढी विद्या त्यांनी जुन्या मशीनबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकातून स्वतःच शिकून घेतली होती. आवाज बदलणाऱ्या त्या प्रोग्रामला ते गिरणी म्हणत. एका बाजूने जुनी फाइल घाला, दुसऱ्या बाजूने नवी पडते. चिठ्ठी सोपी होती. यादीतलं पुढचं नाव वाच. त्या नावाची फाइल गिरणीत घाल. नवी फाइल बाजूला ठेव. परत वर जा आणि पुढचं नाव वाच. नावं संपली की थांब. यालाच लूप म्हणतात. एकदा सोडलं की आपण चहा प्यायला मोकळे.

गुरुवारी सकाळी काकांनी लूप सोडला आणि खरंच चहाला गेले. परत येऊन बघतात तर मशीन गप्प. काम झालं म्हणून पडदा मोकळा. नव्या फाइली किती? एक. शेकडो नावांची यादी, आणि हे बेटं एक फाइल दळून हात झटकून बसलं होतं. बरं, तक्रार तरी करायची! तीही नाही.

"वा रे पठ्ठ्या," काका म्हणाले आणि पुन्हा लूप सोडला. या वेळी तक्रार आली. अमुक नावाची फाइल सापडत नाही. काकांनी चष्मा पुसून नाव वाचलं. फाइल होती दीपगृहांच्या पुस्तकाचं दुसरं प्रकरण, आणि मशीन शोधत होतं तिच्या नावाचं नुसतं शेपूट. नावाची सुरुवातच कुणीतरी खाऊन टाकली होती. तिसऱ्यांदा सोडला तर भलत्याच नावाचं मुंडकं उडालेलं.

काकांनी डोक्याला हात लावला. मग सुरू झाली शोधाशोध. नावांमध्ये मोकळ्या जागा आहेत, मशीन त्यांना अडखळत असेल, असं वाटून त्यांनी नावाभोवती अवतरणचिन्हं घातली. काही फरक नाही. यादी ऑफिसातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर केली होती, तिथल्या ओळींच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह चिकटून येतं, त्याचा खोडसाळपणा असेल म्हणून ते सगळं झाडून काढलं. फरक नाही. मग त्यांनी लूपमधून गिरणी काढून टाकली आणि तिच्या जागी लिहिलं, नुसतं नाव पडद्यावर दाखव. पडद्यावरून सगळी नावं झरझर उतरली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकाचंही टोक तुटलं नव्हतं. म्हणजे यादी ठीक, लूपही ठीक. मग बिघडली असेल गिरणी. लूप बाजूला ठेवून त्यांनी दुसरी फाइल हाताने गिरणीत घातली. सुरळीत दळली. तिसरी घातली, तीही दळली.

घ्या! एकेकटे असताना दोघंही शहाण्यासारखे वागत होते आणि एकत्र आणलं की घोळ घालत होते. काकांना आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग नुसतंच खोलीभर बघत बसावंसं वाटलं. असल्या वेळी शेजारी कुणीतरी हवं असतं. त्याला काही कळायची गरज नसते. "अरेच्चा, असं कसं?" एवढं म्हणणारं माणूस हवं, की सांगता सांगता आपलं आपल्यालाच सुचतं. काकांनी मान वळवून काचेपलीकडे बघितलं. माइकवर टॉवेल होता.

भाच्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. "मामा, एवढा त्रास कशाला घेताय?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "आई काही मागत नाहीये ना ते. तिला उलट वाईटच वाटेल ऐकून." काका बरं म्हणाले आणि फोन ठेवला. भाचा मनाने चांगला होता, आणि म्हणत होता ते कदाचित खरंही असेल. ताईने त्या सकाळनंतर एकदाही आवाजाचा विषय काढला नव्हता. यांनीही नाही. रोज फोनवर लिफ्ट आणि नळ.

शुक्रवार उजाडला. लूपचा नाद सोडून काका एकेक फाइल हाताने दळू लागले. नाव टाइप करा, गिरणी चालू करा, वाट बघा. एकेका फाइलला गिरणी दोन-तीन मिनिटं घ्यायची. दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की या चालीने शनिवारच्या आत निम्म्याही फाइली होणार नाहीत. सगळं वाचणार नाही. मग कुठलं वाचवायचं? दीपगृहांचं? झाडांचं? ते जाडं प्रवासाचं, जे वाचताना ती मध्येच हसत सुटली होती? यादी पुढ्यात घेऊन ते बसून राहिले. ताईच्या आवाजातलं काय ठेवायचं आणि काय भंगारात घालायचं हे ठरवायला कुणी सांगितलं असतं, तर त्या माणसाच्या ते अंगावर गेले असते. आता सांगणारं दुसरं कुणी नव्हतंच.

तेवढ्यात फोन वाजला. ताईची वेळ झाली होती. गिरणीत एक फाइल अर्धी दळून झाली होती. तिला तसंच चालू ठेवून काकांनी फोन कानाला लावला.

"जेवलो हं ताई, पोटभर."

टक टक. नाही.

"अगं खरंच. विश्वास ठेव की."

टक टक.

"तू आता डिटेक्टिव्ह झालीस काय? थांब, मलाही येतं ते," असं म्हणत काकांनी तिची नक्कल करायला रिकाम्या हाताचं बोट टेबलावर आपटलं. टेबलावर कसलं, कीबोर्डवर. डाव्या कोपऱ्यातल्या एका कळीवर.

आणि समोर गिरणी थांबली.

अडकली नव्हती, बंदही पडली नव्हती. कुणीतरी पुरे म्हटल्यावर चालू काम नीट आवरून, हिशेब देऊन थांबावं, तशी थांबली होती. काका पडद्याकडे बघतच राहिले. म्हणजे काम चालू असताना गिरणी ऐकत होती! मान खाली घालून दळत असली, तरी कुणी मध्येच काही सांगेल, थांब म्हणेल, म्हणून तिचा एक कान सतत उघडा होता. एरवी तो कान कीबोर्डकडे असायचा. पण लूपमध्ये? लूपमध्ये त्या वाटेने कीबोर्ड येत नव्हता, त्या वाटेने यादी येत होती. लूपने एक नाव उचलावं, गिरणीला कामाला लावावं, आणि मागच्या मागे गिरणीने उरलेली यादी आपल्याशीच कुणी बोलतंय असं समजून कानात घालावी. कधी सगळी फस्त, कधी पुढच्या नावाचे दोन घास. लूप वळून बघतो तर यादीच संपलेली. मग तो बिचारा काम झालं म्हणून थांबणार नाही तर काय करणार?

"ताई!" काका जवळजवळ ओरडलेच. "सापडलं! अगं, ती ऐकत होती! सगळं तीच खात होती!"

टक टक टक. बोल, ऐकतेय.

आणि मग उत्साहाच्या भरात, काय बोलतोय याचं भान यायच्या आत काका बोलून गेले, "तुझा आवाज काढतोय ना गं मी, जुन्या मशीनमधून. उद्या मशीन जाणार. शेकडो फाइली आहेत, आणि कालपासून..."

पलीकडे काहीच आवाज आला नाही. बोलून बसलो, काकांना वाटलं. सांगायला नको होतं. जिचा गेलाय तिलाच सांगतोय की तुझा माझ्याकडे आहे.

मग हळू, एकेक करून टकटक आली. टक. टक. टक.

मग काकांनी सगळं सांगितलं. यादी, लूप, गिरणी, मुंडकं उडालेली नावं. आयुष्यात कधी कुणाला एवढं सलग सांगितलं नसेल. "समज, तू दवाखान्यात नावं पुकारणारी बाई आहेस. एकाला आत सोडलंस, आणि आत जाता जाता त्याने तुझ्या हातातला नावांचा कागदच पळवला. आता तू कुणाला पुकारणार?" ताईने एकदा टकटक केली, आणि तिच्या श्वासाचा एक वेगळा आवाज आला. तो हसण्याचा आवाज आहे हे एव्हाना काकांना कळायला लागलं होतं.

उपाय एका ओळीचा होता. गिरणीचा कान यादीपासून तोडायचा आणि जिथून कधीच काही येत नाही अशा ठिकाणी जोडायचा. मशीनमध्ये अशी एक जागा असते. कायमची रिकामी. तिथे कितीही कान लावा, आवाज नाही, अक्षर नाही. ताईचा फोन ठेवल्यावर काकांनी चिठ्ठीतल्या गिरणीच्या ओळीला तेवढे चार शब्द जोडले. म्हणजे तिला सांगितलं, की बाई, तुझ्याशी कुणी बोलणार नाहीये. वाट बघू नकोस. आपलं काम कर.

लिहून झालं तरी त्यांचं बोट तिथेच राहिलं. मनातून फार वाईट वाटलं. एका प्रोग्रामचं वाईट वाटावं हे हसण्यासारखंच आहे, पण वाटलं त्याला काय करणार? ते चार शब्द त्यांच्या ओळखीचे होते. त्यांनी स्वतःलाच ते केव्हातरी सांगून टाकले होते, आणि तेव्हापासून या स्पंजच्या खोलीत त्यांचं काम अगदी सुरळीत चाललं होतं.

त्यांनी लूप सोडला. पहिली फाइल. दुसरी. दुसरीचं नाव पुरतं, सगळ्या अक्षरांसकट. तिसरी. पाचवी झाल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. तरी ते संध्याकाळपर्यंत हलले नाहीत, आणि घरी गेले तेव्हाही गिरणी दळतच होती.

शनिवारी सकाळी यादी संपली होती. या वेळी खरी संपली होती. काकांनी नव्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर घेतल्या, दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या आणि नावं पडताळून बघितली. वाजवून एकही बघितली नाही. भंगारवाला आला, त्याने आणि त्याच्या भावाने मशीन उचललं आणि जिन्यावरून "सांभाळ रे, सांभाळ" करत नेलं. भंगारात घालायची वस्तू इतकी जपून नेतात याची काकांना गंमत वाटली. टेबलावर धूळ नसलेला एक चौकोन उरला. मॅडम दारातून डोकावल्या, "झालं ना सगळं, काका?" म्हणाल्या आणि उत्तर ऐकायला थांबल्या नाहीत. शनिवारी अर्धाच दिवस असायचा. थोड्या वेळाने खालच्या मजल्यापर्यंत सगळी दारं बंद झाली.

काकांनी आपण होऊन ताईला फोन लावला. एरवी तीच करायची.

"ताई, निघालं सगळं. एकही फाइल गेली नाही."

टक.

"ठेवलंय नीट. तुला हवं असेल तेव्हा... म्हणजे हवं असेल तर. नको असेल तरी काही नाही."

टक टक टक.

बोल. पण काका बोलतच तर होते. मग त्यांना समजलं की तिला काय हवंय. "आत्ता?" त्यांनी विचारलं.

टक.

त्यांनी डोळे मिटून यादीवर कुठेतरी बोट ठेवलं. दीपगृहांच्या पुस्तकातलं एक छोटं प्रकरण निघालं. फोन स्पीकरवर टाकून कॉम्प्युटरशेजारी ठेवला, आणि इतक्या महिन्यांनी बटण दाबलं.

तोच आवाज. किंचित घोगरा. समुद्रातल्या खडकावर एकट्याने दिवा सांभाळणाऱ्या माणसाची हकिकत ताई वाचत होती, घाई न करता, प्रत्येक पूर्णविरामाला त्याचा मान देत. त्या मुक्या खोलीत तो आवाज असा भरला, की काका दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. फोनमधून काही आवाज नव्हता. ती ऐकत होती. दूर गावी, स्वतःच्या खोलीत, ती स्वतःला ऐकत होती.

प्रकरण संपलं. काकांनी सवयीने बंद करायला हात पुढे केला, पण डोळ्यांतल्या पाण्याने बटण दिसेना. आणि ही होती मूळ फाइल, काहीही न कापलेली. पुस्तक मिटल्याचा आवाज आला, खुर्ची करकरली, आणि ताई म्हणाली, "छोट्या, जेवलास का रे?"

पुढे शांतता. कारण तेव्हा काचेअलीकडून काकांनी जे काही उत्तर दिलं असेल, ते त्यांच्या बाजूच्या लहान माइकमधून फक्त ताईच्या कानावरच्या हेडफोनमध्ये गेलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये ते कधीच उतरत नसे. नुसती जागा उरलेली, उत्तराएवढी.

त्या शांततेत फोनमधून आवाज आला. टक टक टक.

"नाही गं ताई," काका म्हणाले. "नाही जेवलो. कालही नाही, परवाही नाही. रोज खोटं सांगतो तुला. एकट्याने नाही गं उतरत घशाखाली."

आणि रेकॉर्डिंगमधली ताई म्हणाली, "मला ठाऊकच होतं. चल, ऊठ. मीही थांबलेय तुझ्यासाठी."

टक, फोन म्हणाला.

फाइल संपली. बटणकाका उठले, हात धुऊन आले आणि कोपराशी ठेवलेला डबा फोनसमोर ठेवून त्याचं झाकण काढलं. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ताट ठेवल्याचा.